आठ सिलिंडर की चार

६ जुलै

गाडी आली. गाडी म्हणायचं आपलं. वरचं टपरं, दोन दारं, चासीचे दांडे आणि पुढचा अखंड अ‍ॅक्सल, एवढाच ऐवज. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, सीटच्या जागी कोंबड्यांनी संसार थाटला होता. ट्रकवरून उतरवताना साडू तिच्याकडे अशा नजरेने बघत होते की मला इकडे तिकडे बघावं लागलं.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं इंजिनाचं गॅरेज आमच्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून आहे. मी ट्रकच्या पाट्यांचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचा माणूस. पाटा भट्टीत लाल करायचा, त्याला बाक द्यायचा, तेलात विझवायचा, आयुष्य यात गेलं. आता दोघांनी मिळून एक गाडी करायची ठरवली आहे. वरून जुनी, आतून ताकदवान. नोव्हेंबरअखेर बंधाऱ्याच्या चढणीवर जुन्या गाड्यांची शर्यत असते. एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतात. चालक आणि शेजारी एक सोबती. चालवणार मी, सोबती साडू. इंजिन त्यांच्याकडे, खालचं सगळं माझ्याकडे.

ही दारात येऊन बघून गेली. "बसायचं कशावर?" एवढंच विचारलं आणि टेम्पो घेऊन माल पोचवायला निघाली.

१३ जुलै

इंजिनावरून वाजलं.

दोन इंजिनं हाताशी आहेत. एक अपघातात गेलेल्या मोटारीतलं चार सिलिंडरचं, हलकं, नवं. दुसरं भंगारातलं आठ सिलिंडरचं, बिडाचं, दोन माणसांना हलणार नाही असं. साडूंचा जीव आठवर. मी म्हटलं, एवढं वजन नाकात बसवलं तर गाडी वळणावर वळणार नाही, सरळ दरीत जाईल. ते वजन पेलायला पुढचा पाटा जाड लागेल, आणि जाड पाट्यावर हे हलकं टपरं म्हणजे खड्डा आला की बेडूक. चार बसवा, गाडी हातात राहील.

साडूंनी शांतपणे डाव उलटवला. मग पुढचा अखंड अ‍ॅक्सल आणि तुमचा पाटा दोन्ही काढा, म्हणाले. दोन्ही चाकं सुटी करा, कॉइल स्प्रिंग लावा. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागणार नाही.

पाट्यांच्या माणसाने कॉइल लावायची म्हणजे शिंप्याने तयार कपडे घालून स्वतःच्या मुलीच्या लग्नात मिरवायचं. मी तसं बोललो. ते हसले, पण मागे हटले नाहीत.

शेवटी तह झाला. इंजिन त्यांचं, आठ. पाटे माझे. हिला कुणी विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही.

४ ऑगस्ट

इंजिन बसवताना दुपारी डोकं दुखायला लागलं. डोक्याच्या मागे कुणी घण घालतंय असं. उलटीही झाली. भट्टीची झळ लागली असणार. घरी येऊन झोपलो, संध्याकाळी बरं वाटलं. ही डॉक्टर डॉक्टर करत होती. डोकं दुखलं तर डॉक्टर, मग शिंक आली तर काय.

१२ ऑगस्ट

कारखान्यात कुणीतरी माझी हत्यारं हलवतं. पाना ठेवावा इथे, मिळावा भलतीकडेच. आज चहासाठी ओरडलो तर कामगार म्हणाला, शेठ, केव्हाचा ठेवलाय तुमच्या हाताशी. खरंच होता, गार होऊन साय धरलेला. ठेवताना तोंडाने सांगायला काय जातं?

आणि माणसं हल्ली चोरपावलांनी येतात. ही तर एकदम उगवते. दोनदा दचकलो. तर वर मलाच विचारते, "मी एवढा वेळ इथेच उभी आहे, लक्ष कुठंय तुमचं?"

लक्ष गाडीत आहे. आणखी कुठे असणार?

२३ ऑगस्ट

फाटकातून टेम्पो आत घेताना डावी बाजू खरवडली. फाटकाचं दार वाऱ्याने पुढे आलं असावं. बिजागऱ्या सैल झाल्या आहेत, बदलायला सांगितल्या. हिने ओरखड्यावरून हात फिरवला आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. टेम्पो तिचा लाडका, राग येणारच.

७ सप्टेंबर

इंजिन सुरू झालं!

साडूंनी तेल भरलं, मी पेट्रोलचा पंप हाताने मारला. आधी खोकलं, मग एक जाळ उडाला, मग बोललं. बोललं म्हणजे काय ते लिहून सांगता येत नाही. पत्रे थरथरत होते. शेजारचे लोक भिंतीवरून बघायला आले. साडूंच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं म्हणाले. मी आठच्या विरोधात होतो हे आज मलाच खरं वाटत नव्हतं.

१४ सप्टेंबर

बाजाराच्या आवाराला आज सुटी. मोकळ्या फरशीवर रिकामी पिंपं दोन रांगांत मांडली आणि मधून गाडी काढली. सरळ जाताना झकास. पिंपांच्या मधून मात्र डावीकडची पाडली. पुन्हा गेलो, पुन्हा डावीकडची.

म्हणजे गाडी डावीकडे ओढते. मला वाटलंच होतं. नाकात वजन जास्त, त्याचा भार एका बाजूला येतोय.

१७ सप्टेंबर

पुढचे पाटे उतरवले. डावा उजव्यापेक्षा किंचित बसला असेल म्हणून दोन्ही पुन्हा भट्टीत घातले, नवा बाक दिला. चाकांची तोंडं मोजली. स्टिअरिंगचा दांडा सरळ आहे का पाहिलं. कुठेच खोट नाही. खोट नसलेली खोट सगळ्यात वाईट. रात्री झोपेतही मी चाकंच मोजत होतो.

२१ सप्टेंबर

पुन्हा पिंपं. पुन्हा डावीकडची.

मग साडू बसले. बाणासारखी सरळ गेली. एकही पिंप हललं नाही. उतरून म्हणाले, "दादा, गाडी ओढत नाही."

म्हटलं, तुमचं इंजिन आहे, तुम्ही असंच म्हणणार. आपला तो बाब्या. यावर त्यांनी वाद घातला नाही. उलट बोलता बोलता माझ्याभोवती फिरायला लागले, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, आणि हात वर करून बोटं हलवत राहिले. अर्धा वेळ तर ते कुठे उभे आहेत तेच कळेना. मी विचारलं, डास आहेत का? नाही म्हणाले. चेहरा उतरला होता त्यांचा.

गाडीत मान्य न करण्याजोगी काहीतरी चूक आहे आणि त्यांना ती सापडली आहे, असं माझं मत.

२२ सप्टेंबर

आज साडूंनी कमाल केली. म्हणाले, आठ काढू या. चार बसवू या. तुमचंच बरोबर होतं.

 ज्या इंजिनासाठी हा माणूस माझ्याशी भांडला, ज्याची एकेक झडप त्यांनी हाताने घासली, ते काढा म्हणे. कारण विचारलं तर, चढणीवर एवढी ताकद कशाला, हळू गेलं तर काय बिघडतं. हळू जायचं असतं तर बैलगाडी नव्हती का? मी ठाम सांगितलं, आता आठच. पाटे मी आठसाठी बांधलेत.

जाताना त्यांनी हिच्याशी दारात बराच वेळ कुजबुज केली. मी गेलो तशी दोघं गप्प झाली. माझ्या घरात माझ्या पाठीमागे बोलणं चालतं, हेही बघायचं होतं.

आता मला दिसतंय काय आहे ते. शर्यतीत साडूंना स्वतः चालवायचं आहे. सरळ मागता येत नाही म्हणून आडवळण.

२७ सप्टेंबर

हिने डोळे तपासून घ्या म्हणून धोशा लावला होता. म्हटलं, चला, तोंड तरी बंद होईल. चष्म्याच्या दुकानात गेलो. खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. अगदी खालची ओळसुद्धा वाचली. दुकानदार म्हणाला, नजर तुमच्या वयाला उत्तम आहे, फक्त घाई करता, ओळीतलं पहिलं अक्षर गाळता.

घरी येऊन हिला ऐकवलं. डोळे ठणठणीत. तिने मान हलवली, पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. मोठ्या डॉक्टरकडे जाऊ, म्हणाली. मी उठून गेलो.

३ ऑक्टोबर

सकाळी गाडी सुरू होईना. ठिणगीच नाही. झाकण उघडलं तर आतला रोटर गायब. बोटाएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. साडूंकडे गेलो. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मीच काढलाय म्हणाले. मोठ्या डॉक्टरकडे जाऊन या, मग देतो.

मी काय बोललो ते आता मला लिहवत नाही. चोर म्हणालो, हे खरं. त्यांचे कामगार ऐकत होते. साडू खाली बघत उभे राहिले. दुसरा कुणी असता तर त्याने कॉलर धरली असती. आता त्यांच्याशी संबंध संपला.

५ ऑक्टोबर

जुन्या बाजारात रोटर मिळाला. गाडी सुरू केली. शर्यतीच्या कागदावर सोबती म्हणून आता कामगाराचं नाव घालणार होतो, तर ही म्हणाली, "मी बसते."

मला हसू आलं. जी बाई गाडीला आजवर भंगार म्हणत आली ती आता शेजारी बसणार. वाटलं, बहिणीच्या नवऱ्यापेक्षा स्वतःचा नवरा जवळचा, हे उशिरा का होईना कळलं. तिला म्हटलं, भीती वाटेल. ती म्हणाली, "वाटतेच आहे. म्हणून तर बसते."

बायकांचं तर्कशास्त्र.

११ ऑक्टोबर

काल सकाळी चढणीवर गेलो. 

रस्ता मोकळा होता. उजवीकडे डोंगराची कापलेली भिंत आणि तिच्या पायाशी गटार, डावीकडे चुन्याने रंगवलेले दगड आणि पलीकडे खोल. ही शेजारी बसली होती. पहिल्या वळणापासून तिचं सुरू होतं, डावीकडे बघा, डावीकडे दगड आहे. मी वैतागलो. म्हटलं, गाडी मी चालवतोय. इंजिन छान ओढत होतं. तिसऱ्या वळणावर मी पाय दाबला.

ती ओरडली नाही. तिने एकदम स्टिअरिंगवर दोन्ही हात टाकले आणि सगळ्या अंगाने उजवीकडे ओढलं. काहीतरी डाव्या दाराला घासून गेलं. गाडी आडवी झाली, पुढचं उजवं चाक गटारात गेलं, मोठा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं.

मी तिच्यावर भडकलो. काय करतेस म्हणून ओरडलो. ती केव्हाच उतरून मागे धावत गेली होती. मान वळवून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला, दगडाला टेकून, एक माणूस बसला होता. पिवळा सदरा. कोपर सोललेलं. सायकल दगडावर अर्धी लटकत होती, मागचं चाक अजून फिरत होतं.

मी त्याच्याजवळ गेलो. तो चिडलेला नव्हता. घाबरून पांढरा पडला होता. मला म्हणाला, "मी केव्हापासून तुमच्या पुढेच होतो. दिसलो नाही का मी?"

मी त्याला पाहिलं नव्हतं. ओझरतंसुद्धा नाही. एवढा पिवळा सदरा, कोवळं ऊन, मोकळा रस्ता.

त्याचं कोपर हिने पदराने बांधलं. त्याला पाणी दिलं. मग मला गाडीत बसवलं आणि स्वतः आपल्या जागी बसली. म्हणाली, समोर बघा, मान हलवू नका. मी समोर बघितलं.

"माझा हात दिसतो?"

"कुठाय?"

"इथे. तुमच्या गालाशी."

तिचा आवाज कानाला लागून येत होता. बांगड्या वाजल्या तेही ऐकू आलं. पण तिथे ती नव्हती. काळोख नव्हता, काही नव्हतं, नुसता रस्ता होता आणि मग रस्ता संपत होता. मी मान वळवली तेव्हा ती सापडली. हात अजून तसाच धरला होता तिने आणि रडत होती.

सायकलवाला मागून विचारत होता, ह्यांना लागलंय का.

१४ ऑक्टोबर

दवाखान्यात ठेवून घेतलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. डोळे चांगले आहेत. डोक्याच्या मागे, उजव्या बाजूला, एक बारीक शीर तुंबली. तिथे जी जागा मेली ती दोन्ही डोळ्यांची डावी बाजू बघायची. ऑगस्टात डोकं दुखलं ना, तेव्हाच झालं असणार. थोडं परत येईल, कदाचित नाही. रक्तदाब बराच वर आहे, गोळ्या कायमच्या. आणि गाडी चालवायची नाही.

मी विचारलं, मला कळलं कसं नाही? त्या म्हणाल्या, "अंधार झाला असता तर कळलं असतं. जे मेंदूच दाखवत नाही, ते नाही हे कोण सांगणार?"

मी गाडीत खोट शोधत होतो. चांगले पाटे पुन्हा भट्टीत घातले.

१५ ऑक्टोबर

झोप नाही. सारखा तो पिवळा सदरा. हिने हात टाकायला श्वासभर उशीर केला असता तर. आणि ती दरीच्या बाजूला बसली होती. तिला ठाऊक असूनही बसली होती.

१९ ऑक्टोबर

घरी आलो. साडू भेटायला आले नाहीत. का यावं? कपडे घालून मीच गेलो. भिंतीच्या कडेकडेने, डावा हात भिंतीला लावून.

ते इंजिनात डोकं घालून होते. मी म्हटलं, चोर म्हणालो ते तुमच्या कामगारांसमोर म्हणालो, आता माफीही त्यांच्यासमोरच मागतो. त्यांनी हात पुसले, मला स्टूल दिलं, आणि ते स्टूल मुद्दाम स्वतःच्या डावीकडे ठेवलं. म्हणजे ते माझ्या उजवीकडे आले.

शेजारी टेकून म्हणाले, "मला त्या पिंपांजवळच कळलं होतं. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. वाटलं, चार बसवलं तर गाडी हळू तरी जाईल. कुणी मरणार नाही." मग नाक शिंकरलं. "मूर्खपणाच तो. हळू गाडीनेही माणूस मरतं."

त्या इंजिनासाठी या माणसाने काय केलं नव्हतं. माझ्यासाठी ते काढून ठेवायला निघाला होता, आणि मी समजलो त्याला माझी जागा हवी.

२६ ऑक्टोबर

गाडी ओढून आणली आहे. पुढचा अ‍ॅक्सल वाकला, एका पाट्याचे दोन तुकडे झाले. साडू आणि मी तिच्याभोवती बसलो. शर्यतीतून नाव काढून घ्यावं असं मी म्हटलं. साडू म्हणाले, गाडी आहे, इंजिन आहे, चालक नाही, एवढंच ना? मी त्यांना म्हटलं, तुम्ही चालवा. ते नको म्हणाले, म्हणाले, मी इंजिन ऐकत बसतो, रस्ता विसरतो. खरं आहे ते.

ही चहा घेऊन आली होती. कप माझ्या उजव्या हाताशी ठेवत म्हणाली, "मी टेम्पो चालवते तो काय ढकलत नेते?"

 इतक्या वर्षांत या बाईने मालाने भरलेला टेम्पो कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून काढला, एक ओरखडा नाही. जो आहे तो माझा.

मग साडूंनी पहिल्यांदा तिला विचारलं, "ताई, मग इंजिन कुठलं ठेवू? चार हलकं आहे, सोपं जाईल."

"आठ," ती म्हणाली. विचार करायलासुद्धा थांबली नाही. "ते कशाला काढता? पण पुढचं हे सगळं काढा. खड्डा आला की चाक हातातून निसटायला बघतं. दोन महिने शेजारी बसून नाही, एकच दिवस बसले, तेवढ्यात कळलं मला."

तिने माझ्या पाट्यांकडे बोट केलं होतं. साडू माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी म्हटलं, कॉइल लावू. सुटी चाकं. मागे मात्र पाटेच राहतील.

"मागे राहू द्या की," ती म्हणाली. "मागचं छान आहे."

१६ नोव्हेंबर

भंगारातून एका मोटारीचं पुढचं अख्खं जोडकाम आणलं, चाकं धरणारे दोन्ही बाजूंचे हात, कॉइल, डिस्क ब्रेकसकट. वेल्डिंग माझं. डावी बाजू करताना मान वळवून वळवून करतो, दुप्पट वेळ लागतो, प्रत्येक शिवण साडू बॅटरी मारून तपासतात. दोनदा पुन्हा करायला लावली. आधी मला राग आला असता.

सीट तिच्या मापाने पुढे घेतली. पाय पुरतात का पाहिलं. स्टिअरिंग किती जड हवं ते विचारलं. आजवर शेकडो ट्रकांना पाटे बसवले, चालवणाऱ्याला कधी काही विचारलं नव्हतं.

पिंपांच्या मधून तिने गाडी नेली. पिंपं जागच्या जागी. साडूंनी टाळी वाजवली नाही, फक्त मागे फिरून पिंपं परत मांडली, आणखी जवळ.

२३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना विचारून आलो, शेजारी बसलो तर चालेल का. त्यांनी चालक कोण ते विचारलं. मी सांगितलं. त्या हिच्याकडे बघत म्हणाल्या, मग यांना बोलू देऊ नका.

३० नोव्हेंबर

झाली शर्यत.

पायथ्याशी गर्दी होती. निशाणवाला कागद घेऊन माझ्याकडे आला, चालक कोण म्हणून. मी तिच्याकडे हात केला. त्याने पुन्हा कागद बघितला, मग तिच्याकडे, मग बॉनेटकडे. आठ सिलिंडर का, म्हणाला. हो म्हटलं.

मी डावीकडे बसलो. माझ्या डावीकडे आता दरी होती आणि ती मला दिसत नव्हती, म्हणून भीती कमी वाटली असेल, देव जाणे. उजवीकडे ती होती. अख्खी दिसत होती. कानामागे खोचलेले केस, ओठ दाबून धरलेले, वळणाच्या आधीच पुढच्या वळणाकडे गेलेली नजर. कित्येक महिन्यांत इतका वेळ सलग मी तिला पाहिलं नव्हतं.

तिसरं वळण आलं. तिथल्या दगडावर आमच्या दाराचा रंग अजून आहे, असं साडू म्हणाले होते. मी मांडीवर हात घट्ट धरले. ती तिथे हळू झाली. लागत नव्हतं तरी झाली. मग पुन्हा पाय दाबला आणि आठही सिलिंडर एकदम बोलले.

चौथ्या वळणावर तिने गिअर उशिरा बदलला. मला ते स्पष्ट कळलं. मी काही बोललो नाही.